चीफ आजगावकर मत देतात

पांडुरंग आजगावकरांना आमच्या ब्लॉकमध्ये सगळे चीफ म्हणतात. ते व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनियर होते. समुद्र सोडून आता बरीच वर्षं झाली. हल्ली ते इथल्याच एका जहाज कंपनीत टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करतात, पण नाव तेच राहिलं. खालच्या मजल्यावरची चिनी आजीसुद्धा लिफ्टमध्ये त्यांना 'चीफ' म्हणते. तिला वाटतं ते पोलिसात आहेत.

मी सारंग. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. सिंगापुरातल्या यिशुनमध्ये त्यांच्या समोरच्या दारात राहतो. चीफ, त्यांची बायको गिरिजावहिनी आणि मुलगी मैत्रेयी हे आमचे इथले पहिले शेजारी. आमची भाजी फोडणीला पडली की त्यांना कळतं आणि त्यांचे मासे तळणीत पडले की आम्हाला, इतपत जवळचे.

सिंगापुरात चार मराठी माणसं जेवायला जमली, की आमटी वाढायच्या आत देशाचं काय चुकतंय यावर बोलणं सुरू होतं. रस्ते, कोर्टं, परवाने, टॅक्स, सगळं एकेक करून ताटात येतं. मीही त्यात मागे नसतो. चीफ मात्र जेवत राहतात. हसतात, मान हलवतात, कोशिंबीर पुढे सरकवतात, पण बोलत नाहीत. एकदा आमच्याकडेच असं झालं, तेव्हा मी त्यांना विचारलं.

"चीफ, तुमचं काय मत?"

"माझं मत नाही."

"म्हणजे तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं. पण मी कधी मतदान केलेलं नाही. मग तक्रार कुठल्या तोंडानं करणार?"

मी म्हटलं, "आम्ही तरी कुठं केलंय इतक्या वर्षांत?"

"तेच म्हणतोय," ते म्हणाले आणि त्यांनी भात मागून घेतला.

त्या दिवशी जेवण जरा लवकर आटोपलं.

त्यांनी मतदान केलं नव्हतं यात त्यांचा दोष फारसा नव्हता. मतदानाचं वय झालं तेव्हा ते कोलकात्याला मरीन इंजिनियरिंगच्या वसतिगृहात होते. पुढच्या निवडणुकीला ब्राझीलच्या वाटेवर. तिच्या पुढच्या वेळी जहाज सुएझच्या तोंडाशी रांगेत उभं. एक सरकार तर ते बोटीवर चढले तेव्हा आलं आणि ते उतरले तोवर पडलंसुद्धा. फौजेतल्या माणसाला टपालानं मत देता येतं, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाला देता येतं. व्यापारी जहाजावरच्या माणसासाठी तशी सोय नाही. त्यांच्या हाताखालचे फिलिपिनो खलाशी कुठल्या तरी बंदरात उतरून आपापल्या वकिलातीत मत देऊन यायचे आणि शाई लागलेलं बोट दाखवत रात्रपाळीला उभे राहायचे. चीफ त्यांना विचारायचे, लाइन किती होती? ते सांगायचे. एवढाच त्यांचा लोकशाहीशी संबंध.

एकदा मात्र योग जुळला. मतदानाच्या दिवशी चीफ सुट्टीवर घरी होते. घर म्हणजे तळकोकणातल्या खारवली गावात, बोटीच्या पगारातून त्यांनी स्वतः बांधलेलं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेत गेले. यादीत त्यांचं नाव नव्हतं. घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणाली, "यादीवाले इल्ले. मी सांगलंय, तो हंय नसता, बोटीर असता." माणूस जिथला सर्वसाधारण रहिवासी असतो तिथंच त्याचं नाव लागतं, असा नियम आहे. चीफ सर्वसाधारणपणे समुद्रात राहत होते आणि समुद्राला मतदारसंघ नाही.

पुढे काही वर्षांनी कायदा बदलला. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला गावाकडच्या यादीत नाव लावता येईल, फक्त मत द्यायला प्रत्यक्ष गावच्या केंद्रावर यावं लागेल, आणि ओळख म्हणून मूळ पासपोर्ट दाखवावा लागेल. चीफनी ती बातमी वाचली आणि बाजूला ठेवली. तेव्हा मैत्रेयीची परीक्षा होती, मग आईचं आजारपण आलं, मग आई गेली. ते राहून गेलं.

ते परत वर आलं ते मैत्रेयीमुळे. मैत्रेयी इथंच वाढली, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, आणि तिनं सिंगापूरचं नागरिकत्व घेतलंय. साथीच्या वर्षी इथली निवडणूक आली. इथं मतदान सक्तीचं आहे. नाही केलं तर नाव यादीतून जातं आणि सबळ कारण नसेल तर ते परत लावायला दंड भरावा लागतो. मैत्रेयीला त्या दिवशी झोप काढायची होती.

"दंड भरेन ना बाबा, व्हॉट्स द बिग डील?"

चीफ सहसा आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. त्यांनी तिचे बूट आणून दारात ठेवले आणि स्वतःचेही घातले.

केंद्र शेजारच्या शाळेत होतं. मास्क, ताप मोजणं, जमिनीवर चिकटवलेल्या खुणा. चीफ फाटकाबाहेर थांबले, कारण आत जायचा त्यांना अधिकार नव्हता. मैत्रेयी गेली आणि त्यांनी मोबाइल बाहेर काढून चष्मा पुसेपर्यंत परत आली.

"झालं?"

"झालं. सो फास्ट वन," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"कोणाला दिलंस?"

"बाबा! सीक्रेट लाह."

संध्याकाळी चीफनी आमची बेल वाजवली आणि मला म्हणाले, "सारंग, तुझ्याकडे प्रिंटर चालतो का?"

त्यांनी परदेशस्थ मतदाराचा अर्ज काढला. आम्ही दोघं तो वाचायला बसलो, आणि तिसऱ्या ओळीवरच थांबलो. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता असेल, तिथल्याच यादीत नाव लागेल असं लिहिलं होतं. चीफचा पासपोर्ट सिंगापुरात नवा करून घेतलेला. त्यावर पत्ता यिशुनचा. यिशुन महाराष्ट्रात येत नाही.

आता पासपोर्टच बदलायचा. लिटिल इंडियाजवळच्या, पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात आम्ही गेलो, कारण त्यांना सोबत हवी होती आणि मला रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या तिथल्या मोठ्या दुकानातून पोहे आणि साबुदाणा हवा होता. खिडकीतल्या मुलीनं अर्ज चाळला.

"अंकल, आप तो यहाँ रहते हो. इंडिया का ऍड्रेस क्यों?"

"वोट देना है."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पुलिस वेरिफिकेशन होगा."

"होने दो," चीफ म्हणाले.

झालं. गावच्या पोलीस ठाण्यातून हवालदार खारवलीला गेला. घराला कुलूप. त्यानं रीतीप्रमाणे शेजाऱ्याला विचारलं.

शेजारी म्हणजे रवींद्र परुळेकर. इथं त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. परुळेकरांची आणि चीफची जमीन लागून आहे. चीफनी घर बांधलं तेव्हा भोवती चिऱ्याचं कुंपण घातलं. परुळेकरांचं म्हणणं, कुंपण चार हात माझ्यात आलंय. चीफचं म्हणणं, गवंड्यानं दोरी लावून बांधलंय, हातभरही गेलेलं नाही. गवंडी दोघांचाही लांबचा नातेवाईक निघाला आणि तो कोणाच्याच बाजूनं बोलेना. शेवटी परुळेकरांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. त्या दाव्यानं तोवर चार न्यायाधीश पाहिले होते. चीफचे वकील दर तारखेला सांगायचे, प्रतिवादी परदेशी असल्यामुळे हजर राहू शकत नाहीत. पुढची तारीख मिळायची.

तर हवालदारानं परुळेकरांना विचारलं, पांडुरंग आजगावकर इथं राहतात का?

परुळेकर म्हणाले, "तो हंय रवणा नाय. वर्साक एकदा येता, कुंपण बघता आणि जाता."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. हवालदारानं तसंच लिहिलं आणि खाली सही केली.

चीफचा नवा पासपोर्ट अडकला. मग खुलासे, ईमेल, लिटिल इंडियाच्या आणखी काही फेऱ्या. आमच्या घरात पोह्यांचा साठा वाढत गेला. गिरिजावहिनी एकदा माझ्या बायकोला, प्रणिताला, म्हणाल्या, "दुसऱ्यांचे नवरे या वयात मॅरेथॉन धावतात. आमच्या ह्यांना मतदार व्हायचंय." मात्र त्यांनी अडवलं नाही. स्वतः वहिनी लग्नाआधी कुडाळला दोनदा मत देऊन आलेल्या. त्यांना त्यात फार काही वाटलं नव्हतं, असं त्या सांगत, आणि चीफ त्या वेळी खिडकीबाहेर बघत.

पुढच्या सुट्टीत चीफ गावी गेले आणि पुन्हा चौकशी व्हावी म्हणून घरात बसून राहिले. समुद्रावर जायचं नाही, बाजारात जायचं नाही, हवालदार कधीही येईल. सुट्टीच्या शेवटी शेवटी तो आला. चीफ पायरीवर बसलेले पाहून त्यानं कागदावर लिहिलं, 'इसम घरी आढळून आला.' पासपोर्ट सुटला. मग मतदार नोंदणीचा अर्ज गेला, तालुक्याहून फोन आला, तो चीफनी मीटिंग सोडून घेतला, आणि बऱ्याच महिन्यांनी एक दिवस त्यांनी मला मोबाइल दाखवला. खारवलीच्या यादीत, सगळ्या नावांच्या शेवटी, परदेशस्थ मतदारांचा वेगळा भाग होता. त्या भागात एकच नाव होतं.

मी वाचलं. "पांडुरंग विषराम अजगांवकर."

"वडलांचं नाव विश्राम," चीफ म्हणाले. "इंग्रजीवरून मशीननं मराठी केलं असणार."

"दुरुस्ती करून घ्या."

"अर्ज केलाय. पण आता नाव लागलंय ना, ते हलवायची मला भीती वाटते."

दुरुस्ती व्हायच्या आत विधानसभेची निवडणूक जाहीर झाली.

चीफनी रजा टाकली. त्यांच्या साहेबानं, तो नॉर्वेचा, कारण विचारलं. चीफनी सांगितलं. साहेबाला वाटलं ते निवडणुकीला उभे राहतायत. त्यानं शुभेच्छा दिल्या.

पुढचं सगळं मला चीफनी स्वतः सांगितलं, आणि थोडं परुळेकरांनी, ज्यांच्याशी माझी नंतर फोनवर ओळख झाली.

मुंबईवरून गोव्यातल्या मोप्याच्या विमानतळावर, तिथून भाड्याच्या गाडीनं खारवली. विमानाला उशीर झाला म्हणून पोचायला दुपार उजाडली. सकाळी म्हातारी माणसं ऊन व्हायच्या आत मत देऊन घरी गेलेली. रांगेत सगळी तरणी पोरं आणि नव्यानं गावात आलेल्या सुना. यांच्यापैकी कोणीही चीफना ओळखत नव्हतं आणि चीफही कोणाला ओळखत नव्हते.

आत पहिल्या टेबलावरच्या अधिकाऱ्यानं ओळखपत्र मागितलं. चीफनी पासपोर्ट दिला. अधिकाऱ्यानं तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"मतदार कार्ड?"

"परदेशस्थ मतदाराला कार्ड मिळत नाही. पासपोर्टच लागतो. यादीत शेवटी बघा."

अधिकाऱ्यानं यादीचं शेवटचं पान काढलं. हे पान आपल्याकडे आहे हेच त्याला नवीन होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "पांडुरंग विषराम अजगांवकर."

यावर टेबलामागे बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींपैकी एक मुलगी उठली. अनुजा तिचं नाव. लग्न होऊन खारवलीत आलेली, पक्षाच्या प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसलेली. ती म्हणाली, "माझा आक्षेप आहे. पासपोर्टवर विश्राम आजगावकर आहे, यादीत वेगळं नाव आहे. आणि हे गावातले नाहीत."

केंद्राध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातले गणिताचे शिक्षक होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आजवरच्या निवडणूक ड्यूटीत कोणी असा आक्षेप घेतला नव्हता. त्यांनी पुस्तिका काढली, बोटानं ओळ शोधली आणि म्हणाले, "आक्षेप घेता येतो. दोन रुपये भरावे लागतील."

"दोन रुपये?"

"रोख. नियम आहे."

अनुजाकडे दोन रुपये नव्हते. फोन केंद्रात आणायला बंदी, आणि हल्ली पैसे फोनमध्येच असतात. दुसऱ्या टेबलावर सुटे मिळेनात. चीफनी खिसा चाचपला, पण तिथं सिंगापूरची नाणी होती. शिवाय ज्याच्यावर आक्षेप त्यानंच पैसे देणं केंद्राध्यक्षांना बरं दिसेना. शेवटी विरुद्ध पक्षाच्या प्रतिनिधीनं पाकिटाच्या कोपऱ्यातून दोनचं नाणं काढून अनुजाला उसनं दिलं. केंद्राध्यक्षांनी पावती फाडली. मग ते चीफकडे वळले, तोतयेगिरी केल्यास कोणती शिक्षा होते ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही तेच आहात का?"

"मीच तो."

"हे विषराम कोण?"

"वडील. विश्राम. यादीत चूक आहे."

"नावातली छपाईची चूक असेल तर दुर्लक्ष करता येतं," केंद्राध्यक्ष पुस्तिकेत बघत म्हणाले, "पण माणूस तोच आहे याची खात्री पटली पाहिजे. गावात तुम्हाला ओळखणारं कोण आहे?"

चीफनी विचार केला. शाळेतले सोबती मुंबईत. चुलते वारलेले. आई नव्हती. मला सांगताना ते म्हणाले, "सारंग, मी तिथं उभा होतो आणि मला एक नाव सुचेना. जगातल्या प्रत्येक बंदरात मला ओळखणारा एक तरी माणूस आहे. माझ्या गावात मी आठवून आठवून बघत होतो."

केंद्राध्यक्ष दारात गेले आणि रांगेकडे पाहून म्हणाले, "यांना कोणी ओळखतं का?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अनुजालाही आता बरं वाटत नसावं, कारण ती खाली मान घालून पावतीची घडी करत होती.

मग रांगेच्या शेवटून आवाज आला. "मी वळाखतंय."

परुळेकर. जेवून, वामकुक्षी करून ते सावकाश आले होते.

केंद्राध्यक्षांनी त्यांना आत घेतलं. "हे कोण आहेत?"

"पांडुरंग विश्राम आजगावकर."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? चवदा वर्सा कोर्टात केस हा आमची. माझ्या जाग्यात चार हात घुसलोहा तो. मी हेका वळाखूचंय नाय तर कोण वळाखतलो?"

"हातभरही नाही," चीफ म्हणाले.

"चार हात," परुळेकर म्हणाले.

केंद्राध्यक्षांनी दोघांनाही थांबवलं. त्यांना नोंद करायची होती. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुमचं यांच्याशी नातं काय लिहू? प्रतिवादी?"

"प्रतिवादी तो," परुळेकर म्हणाले. "मी वादी."

तशी नोंद झाली. आक्षेप फेटाळला गेला, पण तो खोडसाळपणे घेतलेला नव्हता, म्हणून दोन रुपये परत मिळाले आणि मूळ मालकाकडे गेले. अनुजा चीफना म्हणाली, "सॉरी काका. आम्हाला तसं शिकवलं होतं."

"बरोबर केलंस," चीफ म्हणाले. "माझ्या इंजिनरूममध्ये अनोळखी माणूस दिसला तर मीही विचारतो."

बोटाला शाई लागली. चीफ पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले, बटण दाबलं, काचेमागे चिठ्ठी दिसली आणि पडली, यंत्र वाजलं. ते तिथंच उभे राहिले. थोड्या वेळानं केंद्राध्यक्षांनी हाक मारली, "काका, झालं."

"झालं?" चीफ म्हणाले. "मला वाटलं अजून काहीतरी असेल."

बाहेर येऊन ते परुळेकरांसाठी थांबले. परुळेकर मत देऊन आले तेव्हा चीफ म्हणाले, "आभारी आहे, रवीभाऊ."

"आभार कसले? खरा ता बोललंय. तेव्हा हवालदाराक पण खराच सांगलंय."

"माहीत आहे."

"कुंपणाचा बघ," असं म्हणून परुळेकर घरी गेले. चीफ सांगतात, की त्यांना त्या क्षणी कुंपणाचं खरंच बघावंसं वाटलं. ते घरी जाऊन हातानं मोजायला लागले. मग लक्षात आलं, की परुळेकरांची हद्द कुठून सुरू होते तेच ठाऊक नसेल तर मोजायचं कुठून?

परत आल्यावर ते बोट त्यांनी कोणाला मुद्दाम दाखवलं नाही. ऑफिसात फक्त एका फिलिपिनो सहकाऱ्यानं ओळखलं आणि विचारलं, लाइन किती होती? चीफनी त्याला सविस्तर सांगितलं. निकालाच्या दिवशी ते बराच वेळ टीव्ही न लावता बसले होते. यावरून काही अंदाज बांधता येतो, पण तो कसाही बांधता येतो. मैत्रेयीनं विचारलं तेव्हा तिला तिचंच उत्तर मिळालं.

त्यानंतर आमच्याकडे जेवण झालं तेव्हा कोणीतरी सवयीनं रस्त्यांचा विषय काढला. चीफनी हातातला घास खाली ठेवला आणि मोप्याहून खारवलीला जाणाऱ्या रस्त्यावर बोलायला सुरुवात केली. रस्त्यावरून ते यादीतल्या चुकांवर आले, तिथून टपाली मतावर, तिथून बोटीवरच्या माणसाला कोणत्या सरकारानं काय काय आश्वासन दिलं होतं त्यावर. वर्ष, खातं, सगळं पाठ. आम्ही ऐकत बसलो. प्रणितानं दोनदा आमटी गरम केली. जेवायला आलेले दर्शन आणि नीलिमा शेवटची गाडी चुकेल म्हणून निघाले, तर चीफ त्यांना एमआरटीच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेले आणि राहिलेलं वाटेत सांगितलं.

आणि मग तालुक्याहून त्यांच्या वकिलांचा फोन आला.

"आजगावकर, तुम्ही मतदानाला गावात आला होतात?"

"आलो होतो."

"मला सांगायचं तरी! परुळेकरांच्या वकिलानं अर्ज दिलाय. प्रतिवादी परदेशी असतो, येऊ शकत नाही, असं मी इतकी वर्षं सांगतोय. आता ते म्हणतात, मत द्यायला येतो तर साक्षीला का येत नाही? वर मतदार यादी जोडलीय, गावचा मतदार म्हणून. केंद्रावर झालेली ओळखीची हकिकतही लिहिलीय. ओळख पटवणारा कोण, तर वादी स्वतः."

"मग आपण काय म्हणायचं?"

"कायद्यात वाट आहे. परदेशस्थ मतदाराला फक्त मतदानापुरतं रहिवासी धरतात, असं आपण मांडू. त्यावर युक्तिवाद होईल. दोन-तीन वर्षं सहज निघतील."

चीफ फोन स्पीकरवर लावून आमच्या दारांसमोरच्या गॅलरीत आले होते, म्हणून मी हे ऐकलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांचं बरोबर आहे. मी येतो. आणि सरकारी मोजणीला आमची हरकत नाही म्हणून लिहून द्या."

"अहो, मोजणीत तुमच्याविरुद्ध गेलं तर?"

"तर कुंपण मागे घेऊ. चिरे माझेच आहेत."

वकील नाराज झाले. त्या दाव्याची त्यांनाही सवय झाली होती.

मोजणी झाली. सरकारी मोजणीदारानं यंत्र लावून दाखवलं, की कुंपण परुळेकरांच्या जागेत गेलं होतं खरं. चार हात नव्हे, दीडच हात. पण घराच्या मागच्या बाजूला परुळेकरांच्या पाण्याच्या टाकीचा एक कोपरा चीफच्या जागेत निघाला. मोजणीदार गेल्यावर दोघंही बराच वेळ टाकीकडे बघत उभे होते.

"ही माझ्या बापाशीन बांधलेली," परुळेकर म्हणाले.

"राहू दे," चीफ म्हणाले. "पाणी भरलेलं आहे."

कुंपण दीड हात मागे घ्यायचं आणि टाकी आहे तिथं ठेवायची, असं ठरलं. दोन्ही वकिलांनी तडजोडीचा कागद कोर्टात दिला. आता त्यावर न्यायाधीशांनी हुकूम करायचा, तर त्यांची बदली झाली. नवे यायचेत. तोवर तारखा पडताहेत. दोन्ही बाजूंचं एकमत आहे आणि दावा चालू आहे.

परुळेकर हल्ली दर तारखेनंतर चीफना फोन करतात, कारण चीफच्या वकिलांपेक्षा त्यांच्याकडून लवकर कळतं. चीफ तेव्हा आमच्याकडे जेवत असले तर फोन मी घेतो. परवा त्यांनी मला विचारलं, सिंगापुरात असे दावे किती चालतात? मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही, पण इतके नसावेत. ते म्हणाले, "मगे तिकडचे वकील पोट कसा भरतत?"

पुढच्या तारखेला नवे न्यायाधीश येतील असं म्हणतात. चीफनी रजा टाकली आहे. साहेबानं या वेळी कारण विचारलं नाही. गिरिजावहिनीही जाणार आहेत. मी त्यांना विचारलं, तुमचं तिथं काय काम?

"काम काही नाही," त्या साडीला पिन लावता लावता म्हणाल्या. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली. मी प्रत्येक वेळी पुढच्या दारानं आत गेले आणि पुढच्या दारानं बाहेर आले. ते भांडणातलं कुंपण नक्की कुठल्या बाजूचं, ते एकदा बघून येते."